जुन्या गाडीचं इंजिन आणि फटींचा हिशेब

शंभर वर्षांच्या मोटारीचं बॉनेट उघडलं की आधी नजरेत भरते ती आतली मोकळी जागा. बिडाचा एक लांबट ठोकळा, त्याला बिलगलेला कार्ब्युरेटर, चार वायरी, एक पंखा, बस्स. प्रत्येक नटापर्यंत हात पोचतो. पाहणाऱ्याला वाटतं, हे काय, या रविवारी उघडू आणि पुढच्या रविवारी लावून टाकू. अशा भरवशावर उघडलेली कितीतरी इंजिनं खोक्यांत, डब्यांत आणि कपाटाखाली विभागून वर्षानुवर्षं पडून असतात.

उघडणं खरंच सोपं आहे. घोडं अडतं ते मोजण्यापाशी. इंजिनात एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेली एक फट असते. काही फटी तेलाला जागा मिळावी म्हणून, तर काही तापल्यावर फुगणाऱ्या धातूसाठी. गाडी चालत राहिली की काही फटी रुंदावतात. नुसती उभी राहिली तर गंजाने आणि काजळीने काही बुजतात. इंजिन पुन्हा बांधायचं म्हणजे या सगळ्या फटी मूळ मापावर आणायच्या. सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारे नवे पिस्टन, त्यांच्यावरच्या नव्या रिंगा, बोअरिंग (भोक कापून मोठं करणं), ग्राइंडिंग (घासून गोल करणं) हे सगळं त्याच एका कामासाठी.

हे माप किती बारीक, ते आधी पाहू. वर्कशॉपच्या बोलीत 'थाउ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिलिमीटर. माणसाचा केस ढोबळमानाने तीन थाउ जाड. पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथली फट शाफ्टच्या जाडीच्या दर इंचाला सुमारे एक थाउ, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे दोन इंची शाफ्टभोवती दोन थाउ, केसापेक्षाही कमी. हीच फट दुपटी-तिपटीने वाढली की इंजिन ठकठक वाजायला लागतं आणि तेलाचा दाब पडतो. म्हणून या कामात हातोड्याआधी मायक्रोमीटर हातात यावा लागतो.

'व्हिंटेज' हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो. ब्रिटनमधल्या काटेकोर व्याख्येत १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्याच व्हिंटेज. इथे मी थोडा सैल हात ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची बहुतेक इंजिनं एकाच पठडीतली असतात.

उघडण्याआधी ऐका

चालू स्थितीतलं इंजिन उघडण्याआधी ते स्वतःबद्दल बरंच काही सांगत असतं, आणि एकदा खोललं की हे बोलणं बंद होतं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पण तो केव्हा येतो ते पाहावं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा पाय दाबताच निळा लोट आला, तर तेल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून, म्हणजे झडप ज्या नळीत सरकते तिच्यातून, ओढलं जातंय. चढावर ताण पडल्यावर सतत येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. काळा धूर म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही, कार्ब्युरेटर पाहा. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत शिरतंय. सांधा बंद ठेवणारं गॅस्केट गेलंय किंवा ब्लॉकला तडा आहे.

निळ्या धुराच्या नियमाला एक गमतीशीर अपवाद आहे. चार्ल्स नाइट या अमेरिकन माणसाने झडपांऐवजी सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या नळ्या वापरणारं इंजिन काढलं आणि ब्रिटनच्या डेमलर कंपनीने १९०९ पासून ते आपल्या गाड्यांत बसवलं. चालायला अतिशय शांत, पण त्या नळ्यांना तेल भरपूर लागतं, त्यामुळे ठणठणीत असतानाही ते थोडा निळा धूर सोडतं. धूर पाहून ते खोलायला घेणारा माणूस चांगलं इंजिन बिघडवेल.

आवाजाचंही तसंच. खालून खोल, जड गडगड आली तर ती क्रँकच्या मुख्य बेअरिंगची. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची ठकठक त्याहून टणक. ती कोणत्या सिलिंडरची, हे ओळखायला एकेका प्लगची ठिणगी बंद करून बघतात. ज्याची ठिणगी तोडल्यावर आवाज मंदावतो, तो रॉड दोषी. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या गेजने प्रत्येक सिलिंडर तपासावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. तेल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगा गळत होत्या, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. नाही चढला तर संशय झडपांवर. आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये. फोर्ड मॉडेल टीचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, सुमारे चारास एक, आजच्या गाड्यांचं दहास एकच्या आसपास. आकड्याच्या मोठेपणापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं.

इंजिन जाम झालेलं असेल तर काहीच ऐकता येत नाही. अशा वेळी गाडी दोरीला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढण्याचा मोह होतो. असा धक्का देऊ नका. गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या पिस्टनला तो बसला तर रिंग तुटते, रॉड वाकतो, आणि आणखी वाईट म्हणजे उघड्या अवस्थेत अडकलेल्या झडपेवर काहीतरी आदळतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ, झिरपणारं तेल ओतावं आणि थांबावं. दोन दिवस नव्हे, दोन-तीन आठवडेही. मग क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, तरफ लावून हलक्या हाताने पुढे-मागे डोलवावं. पहिल्यांदा एखाद्या दातापुरतं सरकलं तरी काम फत्ते झालं समजायचं. तिथून पुढे जोर न करता पुन्हा मागे आणायचं, पुन्हा तेल, पुन्हा पुढे.

खोलताना

आधी फोटो, मग पाना. प्रत्येक भाग निघताना त्याची जागा आणि दिशा लिहून ठेवायची. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या (बेअरिंगचा सुटणारा अर्धा भाग) आणि मुख्य बेअरिंगच्या टोप्या तर कधीच एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. कारखान्यात रॉडवर टोपी बसवून मगच गोल भोक पाडलेलं असतं. दुसऱ्याची टोपी लावली की ते भोक गोल राहत नाही. आकडे कोरलेले नसतील तर खोलण्याआधी पंचने ठिपके मारून घ्यावेत.

पाने हा एक वेगळाच घोळ आहे. ब्रिटिश गाड्यांवर जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले आटे असतात, ५५ अंशांच्या कोनाचे. अमेरिकन आटे ६० अंशांचे. शिवाय व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, आतल्या बोल्टच्या जाडीचा असतो. यावर कडी केली ती मॉरिस या ब्रिटिश कंपनीच्या इंजिनांनी. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती. पण गाड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे मेट्रिक ठेवले आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची केली. पुढे एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनापर्यंत हा वारसा चालत आला. पाना बरोबर बसतो, तेव्हा बोल्टही तोच असणार असं समजून भलताच बोल्ट आवळला, की ब्लॉकमधले आटे गेलेच.

काही इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, निघतच नाही. १९२० च्या दशकातल्या बेंटली तीन लिटर आणि साडेचार लिटर गाड्यांमध्ये सिलिंडर आणि हेड हे एकाच ओतीव तुकड्याचे. बुगाटी टाइप ३५ चंही तसंच. त्या काळातल्या गॅस्केटवर कुणाचा फारसा विश्वास नव्हता, मग सांधाच नको, असा साधा विचार. त्यामुळे गॅस्केट फुटायची भानगड संपली, पण झडपा घासायच्या तर अख्खा ब्लॉक पिस्टनवरून वर उचलावा लागतो. बुगाटीचा क्रँक तर वेगवेगळे तुकडे जोडून बनवलेला, रोलर बेअरिंगवर फिरणारा. तो सुटा करून पुन्हा सरळ रेषेत जोडणं हे मोजक्याच हातांचं काम आहे. ज्या गाडीवर हात घालायचा, तिची अशी खोड आधी माहीत असलेली बरी.

पिस्टन वरून बाहेर काढताना अजून एक सापळा असतो. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. पिस्टन सर्वांत वर पोचतो तिथे क्षणभर थांबतो, तेलाचा थर पातळ होतो, उष्णता आणि दाब दोन्ही सर्वाधिक असतात, आणि तो दाबच रिंगेला भिंतीवर आवळून धरतो. म्हणून वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ झीज जास्त. त्याच्याही वर जिथे रिंग पोचतच नाही तिथे मूळ धातू तसाच राहतो, आणि मधे एक कंगोरा तयार होतो. बोट फिरवलं तर नखाला लागतो. हा कंगोरा कापायच्या हत्याराने आधी काढला नाही, तर पिस्टन बाहेर ओढताना रिंगेच्या खाचा तुटतात. आणि कंगोरा तसाच ठेवून नव्या रिंगा घातल्या, तर नव्या रिंगेची कडक धार पहिल्याच दिवशी त्यावर आदळून फुटते.

धुण्याचंही एक पथ्य आहे. बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवला की तेल, रंग, काजळी सगळं सुटतं. त्याच टाकीत अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ती पेटी, टाकला तर सोडा अ‍ॅल्युमिनियमच खाऊन टाकतो. त्या काळच्या अनेक भारी गाड्यांचे क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, आणि तो पुन्हा मिळत नाही. जुनी गॅस्केटं, मफलरभोवतीची दोरी, क्लचचं अस्तर यांत अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, हवेने उडवायचं तर मुळीच नाही. ओलं करून, योग्य मास्क घालून, पिशवीत बंद करायचं.

तडे

धुऊन झाल्यावर ब्लॉककडे डोळसपणे बघायचं. १९३२ मध्ये आलेल्या फोर्ड व्ही-८ चं उदाहरण घेण्यासारखं आहे. अख्खा आठ सिलिंडरचा ब्लॉक एका ओतकामात काढल्याने सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं आठ सिलिंडरचं इंजिन शक्य झालं. पण जळालेला वायू बाहेर नेणारे मार्ग ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांमधून जातात, म्हणजे इंजिन स्वतःच आपलं पाणी तापवतं. त्यामुळे झडपेच्या बैठकीपासून सिलिंडरकडे जाणारे तडे हा या ब्लॉकचा नेहमीचा आजार. पाण्याच्या कप्प्यात गंजाचा गाळ आणि ओतकामाच्या वेळची वाळूही सापडते. ती पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवीन रेडिएटर लावूनही गाडी तापतच राहते.

तडा शोधायची जुनी पद्धत फार साधी आहे. जागेवर रॉकेल चोपडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड लावायची. तड्यात मुरलेलं रॉकेल झिरपून पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटवतं. आज मशीन शॉपमध्ये चुंबक आणि लोखंडी भुकटी वापरतात. तड्याच्या दोन्ही कडा चुंबकाच्या टोकांसारख्या वागतात आणि भुकटी तिथे गोळा होते. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांची ही तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑस्टिन सेव्हनचा ७४७ सीसीचा क्रँक सुरुवातीला फक्त दोन टोकांवर टेकलेला होता, मधे आधार नाही. वेग वाढला की तो उडीच्या दोरीसारखा लवायचा. १९३६ मध्ये मधलं तिसरं बेअरिंग आलं. आधीच्या क्रँकला वरून काही दिसत नसलं, तरी तो इतकी वर्षं लवत आलेला आहे.

बिडाला वेल्डिंग करणं म्हणजे जोखीम. एकाच जागी उष्णता दिली की ती जागा फुगते, गार होताना आकसते, आणि बीड लवचिक नसल्याने शेजारी नवा तडा जातो. करायचंच तर अख्खा ब्लॉक भट्टीत सावकाश तापवून, जोडून, मग तितक्याच सावकाश गार करावा लागतो. मला विचाराल तर शक्य तिथे थंड टाके बरे. तड्याच्या रेषेवर एकाला एक खेटून भोकं पाडतात, त्यात आट्यांच्या पिना बसवतात, प्रत्येक पीन शेजारणीला थोडी कापत जाते, आणि तड्याला आडवे कुलूपपट्टे ठोकतात. घडीव काम असेल तर वरून घासल्यावर तडा कुठे होता ते सांगता येत नाही.

पांढरा धातू

जुन्या इंजिनाच्या कामात आजच्या मेकॅनिकला सर्वांत अनोळखी वाटणारा भाग हा. आजच्या गाडीत बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या खोक्यातून काढून बसवतात. त्या जुन्या इंजिनांत बेअरिंग जागेवरच ओतलेलं असे. ओतायचा मिश्रधातू आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढला. वर्कशॉपमध्ये त्याला व्हाइट मेटल म्हणतात. उत्तम प्रतीच्या व्हाइट मेटलमध्ये सुमारे ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं असतं. कथलाच्या मऊ गाद्यांत अँटिमनीचे कडक कण बसलेले असतात. तेलातून एखादा कचऱ्याचा कण आला तर तो मऊ भागात रुतून बसतो, शाफ्टला ओरखडा पडत नाही. आणि तेल संपलंच तर व्हाइट मेटल वितळून जातो, शाफ्ट वाचतो. बेअरिंग मुद्दाम दुबळं ठेवलेलं आहे.

मग इतका मऊ धातू एवढा भार सोसतो कसा? उत्तर पुन्हा फटीत आहे. १८८० च्या दशकात ब्युचँप टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या वरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून तेल जोराने बाहेर यायला लागलं. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने तीही बाहेर फेकली. याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट तेलावर तरंगायला लागतो. म्हणजे इंजिन नीट चालू असताना शाफ्ट आणि बेअरिंगची गाठच पडत नाही. फट फार मोठी झाली तर तेल बाजूने निसटून जातं आणि ही उचल मिळत नाही. फार लहान असेल तर तेल शिरतच नाही. दोन थाउच्या आकड्यामागे हे गणित आहे.

ओतायचं काम असं चालतं. आधी क्रँकशाफ्ट ग्राइंड करून गोल आणि गुळगुळीत करायचा. दहा, वीस, तीस थाउ अशा पायऱ्यांनी तो बारीक होत जातो. बेअरिंग नंतर, कारण ते शाफ्टच्या मापाला करायचं असतं. जुना व्हाइट मेटल वितळवून काढायचा, मूळ धातू स्वच्छ करायचा आणि त्याला कथलाचा पातळ थर द्यायचा. भांड्याला कल्हई करतात तीच क्रिया, तितकीच निगुतीची. कल्हई नीट धरली नाही तर वर ओतलेला धातू नुसता टेकून राहतो, जोडला जात नाही, आणि काही शे किलोमीटरवर पापुद्रे सुटतात. मग मधे दांडा उभा करून, सगळं गरम ठेवून, एका धारेत, न थांबता ओतायचं. गार झाल्यावर टिचकी मारून बघतात. चांगला सांधा खणखणतो, सुटलेला भद्द वाजतो.

त्यानंतर लाइन बोअरिंग. मुख्य बेअरिंगं तीन असोत की सात, त्यांची भोकं एकाच सरळ रेषेत एकाच सळईने कापतात. शेवटचा हात स्क्रेपरचा. शाफ्टला निळा रंग पुसायचा, जागेवर ठेवून फिरवायचा, काढून बघायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड, जोपर्यंत रंग बहुतेक जागी सारखा उमटत नाही. या कामाला घाई चालत नाही.

व्हाइट मेटल काढून आधुनिक पट्ट्या बसवून घ्याव्यात का, हा वाद संपणारा नाही. गाडी लांबच्या प्रवासाला, वेगाने वापरायची असेल तर पट्ट्या सोयीच्या, कारण पुढच्या वेळी त्या नुसत्या बदलता येतात. पण त्यासाठी मूळ ब्लॉक आणि रॉड कापावे लागतात, आणि ते परत भरून येत नाही. सावकाश चालणाऱ्या गाडीला चांगलं ओतलेलं व्हाइट मेटल बेअरिंग वर्षानुवर्षं पुरतं. मी मूळ धातू कापण्याच्या विरुद्ध बाजूला झुकतो.

सिलिंडर, पिस्टन, रिंगा

सिलिंडरची झीज तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजतात. झीज गोल नसते. रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर दाबला जातो, म्हणून भोक अंडाकृती होतं. ते बोअर करून वीस, तीस, चाळीस थाउ मोठं करायचं आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. आधीच्या पिढ्यांनी इतकं बोअर केलेलं असेल की भिंत पातळ झाली असेल, तर आत नवी नळी, म्हणजे लाइनर, ठोकून मूळ मापावर परत यायचं.

पिस्टन कशाचा आहे यावर फट ठरते. सुरुवातीच्या गाड्यांत पिस्टनही बिडाचे असत. पुढे बेंटली गाड्या काढणारा डब्ल्यू. ओ. बेंटली १९१३ मध्ये डीएफपी या फ्रेंच गाड्या विकत होता. त्या कारखान्यात त्याला अ‍ॅल्युमिनियमचं एक पिस्टन टेबलावर दिसलं. शोभेची वस्तू म्हणून ठेवलेलं. त्याने तसे पिस्टन गाडीत घालून शर्यतीत वेग मिळवला. वजन कमी, त्यामुळे इंजिन जास्त फेरे घेऊ शकतं. पण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बिडाच्या पिस्टनला पुरणारी फट अ‍ॅल्युमिनियमला देऊन चालत नाही. दिली तर इंजिन तापल्यावर पिस्टन सिलिंडरमध्येच आवळून बसतो. जास्त फट दिली की गार असताना खडखड. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलं माप पाळावं, जुन्या पुस्तकातलं नव्हे.

रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीचाही ठोकताळा आहे, सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचाला तीन-चार थाउ. मॉडेल टीचा सिलिंडर पावणेचार इंची, म्हणजे अकरा ते पंधरा थाउ. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची. कमी असेल तर कानशीने टोक घासायचं. तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली तर रिंगेला फुगायला जागा उरत नाही आणि ती भिंत फाडते. फट चार-सहा थाउ जास्त झाली तर फारसं बिघडत नाही. शंका असेल तिथे जास्तीकडे झुकावं.

भिंत आरशासारखी चकचकीत करून दाखवणारे कारागीर असतात. ते चुकतात. होनिंगने, म्हणजे बारीक दगडांनी घासून, भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवायच्या असतात. त्या रेघांत तेल टिकतं, आणि पहिल्या काही तासांत त्यांच्या टोकांवर घासून रिंगा आपली जागा धरतात. आरशावर रिंग कधी बसतच नाही आणि नवं इंजिन जुन्यासारखं तेल पितं.

झडपांचं काम त्यामानाने लवकर होतं. पेस्ट लावून, काठीने हातात घोळवत घासायचं. बैठकीवर सलग करडी कडी उमटली की पुरे. आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही म्हणून जुन्या झडपा खराब होतील, अशी मात्र उगाच भीती पसरलेली आहे. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने १९२१ मध्ये शोधली आणि तसं पेट्रोल १९२३ पासून विकलं जाऊ लागलं. म्हणजे त्याआधीची इंजिनं शिशाशिवाय चालण्यासाठीच बनली होती. शिशाचा थर झडपेच्या बैठकीला वाचवत असे हे खरं, पण त्याची गरज नंतरच्या, जास्त दाबाच्या, वेगाने पळवल्या जाणाऱ्या इंजिनांना. तिथे कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. मॉडेल टीला त्या लागत नाहीत. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हा जुन्या गाडीचा त्याहून खरा शत्रू. ते कार्ब्युरेटरमध्ये तरंगणाऱ्या कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा थर विरघळवतं आणि जुने रबरी पाइप मऊ करतं.

सुटे भाग मिळतात का, हे गाडीवर आहे. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनल्या, त्यामुळे त्यांचे भाग आजही नव्याने तयार होतात. दुर्मिळ गाडीचा पाण्याचा पंप हवा असेल तर लाकडी साचा करून ओतून घेण्यावाचून इलाज नसतो.

बांधताना आणि पहिला फेरा

बांधणी म्हणजे स्वच्छता. क्रँकच्या तेलाच्या भोकांत ग्राइंडिंगची पूड उरली, तर वर सांगितलेलं सगळं पहिल्या मिनिटात वाया जातं. मॉडेल टीला तर तेलाचा पंपच नाही. फ्लायव्हील तेल उडवतं आणि एक बारीक नळी ते पुढे नेते. फडक्याचा एक धागा त्या नळीत अडकला तरी पुढची बेअरिंगं कोरडी राहतात.

प्रत्येक टोपी आवळली की शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. सगळ्या आवळल्यावर जड झाला, तर दोष कोणत्या टोपीचा हे कळणार नाही. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन-चार टप्प्यांत आवळायचे. तेलाचा पंप असलेल्या इंजिनात ठिणगी बंद ठेवून, प्लग काढून आधी तेलाचा दाब चढू द्यायचा.

हँडल मारून चालू करणाऱ्यांनी ठिणगीची वेळ मागे घेतल्याची खात्री दोनदा करावी. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटं लाथ मारतं. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. मनगट मोडण्याची गोष्ट इतकी नेहमीची होती की १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर दिला तेव्हा लोकांनी तो हातोहात उचलला.

पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये इंजिनाला एकाच वेगाने रेटत राहू नये आणि तासन्‌तास मंद गतीवर उभंही ठेवू नये. थोडा भार, थोडी उसंत, असा फेरा रिंगांना मानवतो. मग हेड पुन्हा आवळायचं, झडपांची फट पुन्हा मोजायची आणि तेल बदलायचं. निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्यावं. थोडी काळपट भुकटी येणारच. तिला चुंबक लावावा. चिकटली तर ती रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना सरावल्याची पूड, काळजी नाही. चुंबकाला न चिकटणारे, चंदेरी, चिमटीत चुरगळणारे पापुद्रे दिसले, तर ते व्हाइट मेटल आहे. मग गाडी तिथेच उभी करायची, खालचं तेलपात्र उतरवायचं आणि फिलर गेज घेऊन पुन्हा पहिल्या बेअरिंगपासून सुरुवात.